मूळ गाणं कुठलं?

"आन् मोबाईलवर दिसत नाही का ते?" कोल्डप्लेला ऐकायला नवी मुंबईला जायचंय म्हटल्यावर आईनं एवढंच विचारलं. प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. २६ जानेवारी २०२५ चा त्यांचा अहमदाबादचा कार्यक्रम डिस्ने प्लस हॉटस्टारवर थेट दिसला, आणि मला २१ तारखेला माझ्या खुर्चीवरून दिसला त्यापेक्षा कितीतरी जवळून दिसला. नेहमीच्या तिकिटांतलं सगळ्यात स्वस्त अडीच हजारांचं. शिवाय केजहून नेरूळपर्यंत बसमध्ये पाय दुमडून रात्र काढायची. (तेव्हा बीडला रेल्वे नव्हती, ती त्या वर्षीच्या सप्टेंबरात आली.) मग माणूस जातो कशाला?

वाल्टर बेन्यामिन या जर्मन विचारवंतानं १९३० च्या दशकात याचं एक उत्तर देऊन ठेवलंय. मूळ कलाकृती त्या जागी, त्या क्षणी एकटीच असते, म्हणून तिच्याभोवती एक तेज असतं. यंत्रावर तिच्या नकला निघू लागल्या की ते विरत जातं. पटण्यासारखं आहे. वैजनाथाची तसबीर घरात असते, तरी लोक श्रावणात परळीला रांग लावतातच.

पण माझ्या बाबतीत हा हिशेब जुळत नाही. बेन्यामिनच्या मांडणीत मूळ आधी येतं आणि नक्कल नंतर. आमच्याकडे उलटं झालं. २०१६ च्या जानेवारीत 'हिम फॉर द वीकेंड'चा व्हिडिओ आला. मुंबईत चित्रित झालेला, त्यात सोनम कपूर जेमतेम दिसते, पण पोरांना तेवढं पुरलं. जिओ यायला अजून आठ महिने होते. मोबाईलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं, तिथून मी 'यलो' आणि 'फिक्स यू' आणलं. 'यलो'ची फाईल शेवटाच्या जरा आधी तुटायची. माझ्या कानात ते गाणं अजून तिथंच संपतं.

त्यामुळे स्टेडियममध्ये ख्रिस मार्टिननं 'यलो' धरलं तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हा चुकतोय. मध्येच थांबतो, ओळ लोकांकडे सोपवतो, आणि माझी फाईल जिथं तुटते त्याच्या पुढंही गातच राहतो. ज्यानं गाणं केलं तो समोर उभा, आणि मी त्याला दुकानातल्या फाईलशी ताडून बघतोय! मग मूळ कुठलं?

आमच्या गावच्या सप्ताहात हा प्रश्न कुणाला पडत नाही. अभंग तुकोबांचा, चाल बुवांची, आणि मागच्या टाळकऱ्यानं उचलला की तो त्याचाही. तिथं कुणी मूळ ऐकायला येत नाही.

पण इतकं सहज मला ते जमत नव्हतं, त्याला कारण 'फिक्स यू'. समीक्षक या बँडला मऊ म्हणून हिणवत आलेत. मला तो मऊपणाच हवा होता. वडील गेले त्या वर्षी घर माणसांनी भरलेलं असायचं. थोरल्या पोरानं रडायचं नसतं, हे न सांगता ठरलेलं. तेव्हा कानात इअरफोन घातले की तेवढी एक खोली माझी. शब्द निम्मे कळायचे नाहीत. मार्टिननं ते गाणं तेव्हाच्या पत्नीसाठी, ग्विनेथ पाल्ट्रोसाठी, तिचे वडील गेल्यावर लिहिलं, हे मला फार पुढं कळलं.

आणि आता ते पन्नासएक हजार लोकांना पाठ होतं. माझी खोली, आणि तिच्यात एवढी माणसं शिरलेली. खरं सांगायचं तर पहिल्या कडव्यापर्यंत मला राग आला. यातल्या किती जणांनी काय गमावलंय, असं मनात आलं. पण मग, मी तरी कुठं कुणाला सांगितलं होतं? माझ्याकडे बघून दुसऱ्याला काय कळणार होतं?

मनगटावरच्या पट्ट्यांबद्दल मात्र माझं अजून ठरत नाही. दारात प्रत्येकाला एक देतात, जाताना परत घेतात. गाण्याबरोबर सगळ्या एकदम पिवळ्या होतात, एकदम लाल. बटण दुसऱ्याच कुणाच्या हातात असतं. हुकमावर पेटणाऱ्या दिव्यांना एकत्र येणं म्हणायचं का? टाळकरी चुकू शकतो, पट्टी चुकत नाही. मला ते जरा खुपतं.

'अ स्काय फुल ऑफ स्टार्स' सुरू करून मार्टिन अर्ध्यावर थांबतो आणि विनवतो, हे एक गाणं फोनशिवाय. प्रत्येक ठिकाणी करतो, म्हणजे उत्स्फूर्त वगैरे काही नाही. तरी फोन खाली गेले. माझ्या शेजारी पन्नाशीचे, इस्त्रीच्या शर्टातले एक काका होते. त्यांनी फोन खिशात घातला. रिकाम्या हातांचं काय करायचं ते त्यांना सुचेना, तेव्हा एक हात त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला. शब्द त्यांना येत नव्हते, नुसतं 'हं हं' चाललं होतं, तेही बेसूर. गाणं संपेस्तोवर हात तिथंच होता. कुठले, कोण, मी विचारलं नाही. त्या गाण्याचा व्हिडिओ माझ्याकडे नाही.