दीड तिकिटाचा हिशेब

ये, बस समोर. आणि आधी ते रडगाणं बंद कर. पाचशे रुपये गेले याचं तुला दुःख नाही. तुला कुणीतरी मामा बनवलं, ते झोंबतंय.

स्वारगेटला एक माणूस आडवा आला. इस्त्रीचा शर्ट, कडेवर दीड वर्षाचं पोर, मागे मान खाली घातलेली बायको. ‘साहेब, मराठी आहात ना?’ झालं, तिथेच विरघळलास. पाकीट मारलं, लातूरला जायचंय, तिघांच्या तिकिटांपुरते द्या. ‘भीक नाही मागत साहेब. नंबर द्या, घरी पोचलो की पाठवतो.’ तू नोट दिलीस, वर नंबरही दिलास! तिसऱ्या दिवशी पुणे स्टेशनला तोच माणूस, तेच पोर, तेच लातूर.

अरे, तू बँकेत कॅशियर ना? खोटी नोट तुझ्या अंगठ्याला कळते. मग हा तोंडी हिशेब का नाही जमला? 2023 च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट. पाच वर्षांखालच्या पोराला तिकीटच नाही. मग तिघांची किती झाली? दीड! तीन तिकिटांचे पैसे मागणाऱ्याला तू एक प्रश्न विचारला नाहीस.

‘सर, दया आली.’ कसली दया? दया आली असती तर दोन मिनिटं थांबला असतास. चार लोक बघतायत म्हणून तुला तिथून सटकायचं होतं. पाचशे रुपये हे त्या सटकण्याचं भाडं.

‘खरंच अडचणीत असता तर?’ असता ना! म्हणून तर थांबायचं. ‘चला, तिकीट काढून देतो, गाडीत बसवून देतो,’ एवढंच म्हणायचं. अडलेला माणूस लगेच पिशवी उचलतो. सोंगाड्याला एकदम दुसरं काम आठवतं. ‘तिकीट नको, पैसेच द्या,’ म्हणाला की समजून जायचं. पोर आजारी म्हणतो? 108 ला फोन लाव. पोर एकटंच भटकतंय? 1098. कुणाच्या जिवावर बेतलंय? 112. हे नंबर तुला माहीत नाहीत असं सांगू नकोस. मागच्या महिन्यात मित्राच्या नावानं ‘दवाखान्यात आहे, वीस हजार पाठव’ असा मेसेज आला, तेव्हा आधी मित्राला फोन लावलास की नाही? मग 1930 वर तक्रारही केलीस. म्हणजे अक्कल आहे. समोर हाडामांसाचा माणूस आला की ती गहाण पडते, कारण तोंडावर ‘नाही’ म्हणायची लाज वाटते.

आणि आता काय म्हणतोस? ‘यापुढे कुणालाच काही देणार नाही.’ वा! एकानं फसवलं, शिक्षा बाकीच्यांना. काल तुझ्या बँकेच्या पायरीवर बसलेल्या म्हातारीनं हात पुढे केला. तू मोबाइल कानाला लावून निघून गेलास. फोन आला नव्हता. मी रस्त्यापलीकडे उभा होतो, पाहिलं सगळं. त्या दिवशी न विचारता दिलेस, काल न विचारता टाळलंस. दोन्ही वेळा आळस एकच. समोरच्याकडे नीट बघायचा आळस. देण्याला दानत म्हणालास, न देण्याला शहाणपण. नावं मात्र छान ठेवतोस!

वेळ नसेल तर ‘वेळ नाही’ म्हण, हात जोड आणि पुढे जा. त्यात पाप नाही. पण खिशातून नोट फेकून मनाचं समाधान विकत घेऊ नकोस.

उद्या त्या म्हातारीपाशी थांब. ‘आजी, जेवलात का?’ एवढं विचार. ती काय म्हणाली ते संध्याकाळी मला येऊन सांग. आणि कानाला मोबाइल लावायचाच असेल, तर निदान आधी कुणाला तरी फोन कर.