राज्याचे आयुष्य आणि न्यायाचे माप

इब्न खल्दूनचे (१३३२–१४०६) नाव आमच्या चर्चांत आदराने घेतले जाते. त्याचा 'मुकद्दिमा' वाचणारे मात्र थोडेच. १३७७ साली लिहिलेल्या या ग्रंथाचे सूत्र आम्हांला ऐकून ठाऊक असते. एकमेकांसाठी जीव देणारी टोळी सत्ता मिळवते. ही एकजूट म्हणजे 'असबिया'. मग ऐषआराम येतो, एकजूट विरते आणि साधारण तीन पिढ्यांत, १२० वर्षांत, घराणे संपते.

हे माप उस्मानी तुर्कांना लावले तर? १३०० च्या सुमारास उदयाला आलेले हे घराणे १९२२ पर्यंत गादीवर होते. खुद्द तुर्कांनाही हा प्रश्न पडला होता. कातिब चेलेबीने १६५३ साली राज्याची तुलना वय झालेल्या शरीराशी केली आणि उपचार सुचवले. पुढे नईमाने इतिहास लिहिताना इब्न खल्दूनचाच आधार घेतला. वैद्याने मरणाची वेळ सांगावी आणि रोग्याने त्यातून पथ्य शोधावे, असा हा प्रकार!

पण आयुष्य लांबले कसे? याचे एक कारण आम्हांला अवघडवते. सुलतानांनी आपल्या टोळीवर भिस्त न ठेवता ख्रिस्ती शेतकऱ्यांची मुले सक्तीने नेली, मुसलमान केली, फौजेत आणि कारभारात वाढवली. या 'देवशिर्मे' पद्धतीतून यनिचेरी फौज उभी राहिली. सोकोल्लू मेहमेद पाशासारखा वजीरे-आझमही त्यातूनच आला. आम्ही याला गुणांची कदर म्हणतो. ते खोटे नाही. पण ज्या आईचे मूल नेले, तिला कोणी विचारले? जुलमाने वस्ती उजाड होते, असे इब्न खल्दूनच बजावतो आणि सक्तीची मेहनत हा मोठा जुलूम मानतो. त्यानेच इजिप्तच्या मामलूकांचे कौतुक केले, हेही आम्ही लपवू नये. असबिया हे बळ आहे, सद्गुण नव्हे.

पुढे यनिचेरींनी आपलीच मुले फौजेत घुसवली, दुकाने थाटली. १८२६ साली दुसऱ्या महमूदने ती फौज मोडून काढली.

१९१९ पासून हिंदुस्थानात आमचे वाडवडील ज्या खिलाफतीसाठी रस्त्यावर उतरले, ती मार्च १९२४ मध्ये अंकाराच्या तुर्की संसदेनेच रद्द केली. नवी असबिया आता राष्ट्राची होती. तिच्यात कोण सामावणार आणि कोण नाही, हा प्रश्न १९२५ च्या कुर्दांच्या उठावात लगेचच समोर आला.