पारडाच्या वाट्याचे दूध

गोदावरीकाठच्या धर्माबाद परिसरात म्हैस व्याली आणि वगार झाली, तर घरात आनंद होतो. उद्या तीच दूध देणार असते. नर पारडू झाले की मात्र प्रश्न उभा राहतो : हा हल्या वाढवून पुढे विकणे परवडते काय? 2015 साली महाराष्ट्रातील गोहत्याबंदी बैल व वळू यांनाही लागू झाली. म्हैसवर्ग त्या बंदीबाहेर राहिला. त्यामुळे कायद्याच्या अटी पाळून मांसासाठी वा कुर्बानीसाठी मोठे जनावर वाढवायचे, तर विचार हल्ल्याचाच होतो.

हिशेब मांडून पाहू. रोज दोन लिटरप्रमाणे 90 दिवस पाजले, तर 180 लिटर दूध जाते. लिटरला 50 रुपये धरले, तर 9,000 रुपये झाले. कुर्बानीसाठी हे जनावर दोन वर्षे पूर्ण झालेले असावे लागते. तोवरचा कडबा, पेंड, औषधपाणी आणि श्रम वेगळेच. ज्याच्या शेतात चारा आहे, त्याला हा व्यवहार परवडू शकेल. ज्याला सर्व विकत घ्यावे लागते, त्याला परवडणे कठीण. येथवर प्रश्न व्यापाराचा आहे आणि व्यापारात नफा पाहणे इस्लामने वैध ठरविले आहे.

अडचण पुढे आहे. ‘परवडत नाही’ असे ठरल्यावर कित्येक गोठ्यांत पारडू विकले जात नाही, कोणाला दिलेही जात नाही. पान्हा सुटण्यापुरते त्याला कासेला लावतात आणि लगेच ओढून बांधतात. ते खंगत जाते व मरते. मग म्हशीला पान्हा फुटावा म्हणून भुसा भरलेले कातडे तिच्यापुढे ठेवतात किंवा इंजेक्शन टोचतात. पारडाला कोणी मारलेले नसते, म्हणून कोणाला पापही वाटत नाही.

‘मुसनद अहमद’मध्ये हजरत सवादा बिन रबीअ (र.) यांची हदीस आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्यामार्फत त्यांच्या घरच्यांना आदेश दिला की, जनावरांच्या पिलांना चांगले खाऊपिऊ घालावे आणि दूध काढताना सडांना इजा होऊ नये म्हणून नखे कापावीत. ज्या धर्माने सडावरील ओरखड्याचीही दखल घेतली, तो उपाशी पारडाकडे पाठ कशी फिरवील? पिलाला अपाय होईल इतके दूध काढू नये, असे फुकहांनीही स्पष्ट केले आहे.

म्हणून वरच्या हिशेबातील पहिलीच नोंद तपासली पाहिजे. ते 9,000 रुपये आपण ‘खर्च’ म्हणून लिहिले. वस्तुतः ते देणे आहे. दूध उतरले ते पारडू जन्मले म्हणून. त्याच्या पोटापुरते दूध त्याचे. उरलेले मालकाला हलाल. दुसऱ्याचे देणे बुडवून उरलेल्या रकमेला आपण नफा म्हणत नाही. ‘सूरह अल-मुतफ्फिफीन’च्या आरंभी माप मारणाऱ्यांना कठोर इशारा आहे. तेथे ग्राहक निदान तक्रार करू शकतो. येथे ज्याचे माप मारले, तो मुका आहे.

कोणी म्हणेल, ‘शेवटी कापलेच जाणार, मग पाजायचे कशाला?’ ‘सहीह मुस्लिम’मधील हदीसनुसार जबह करतानाही सुरी धारदार ठेवून जनावराचा त्रास कमी करण्याची आज्ञा आहे. अखेरच्या क्षणीही ज्याचा हक्क संपत नाही, त्याचा तो पहिल्या दिवशी कसा संपेल? दुसरा कोणी गरिबीचे कारण सांगेल. ते खोटे नाही. परंतु शरीअतने हल्या दोन वर्षे पोसण्याची सक्ती केलेलीच नाही. झेपत नसेल, तर जो नीट पोसेल त्याला विकावा, कमी भावात द्यावा अथवा दान करावा. उपाशी ठेवणे तेवढे वर्ज्य आहे.

तेव्हा ‘परवडते काय?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. मात्र पारडाचे पोट भरल्यानंतर. त्याच्या वाट्याचे दूध विकून आलेला पैसा आपल्या मुलांच्या ताटात बरकत आणील, अशी आशा कोणत्या तोंडाने करावी? अल्लाह आपल्याला मुक्या जीवांचे हक्क ओळखण्याची आणि ते अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.