उत्तर देणारी तार

ब्लूज या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताचा विषय निघाला की गायक-गिटारवादक रॉबर्ट जॉन्सनची दंतकथा हमखास सांगितली जाते. मिसिसिपीतल्या एका चौरस्त्यावर मध्यरात्री त्याने म्हणे सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटारवरचे प्रभुत्व मिळवले. कथा रंगतदार आहे, पण जॉन्सनवर मोठा अन्याय करणारी आहे. 1938 मध्ये, वयाच्या 27व्या वर्षी तो गेला. त्याआधीच्या दोन वर्षांत टेक्सासमध्ये त्याने 29 गाणी ध्वनिमुद्रित केली. त्यांतल्या काहींचे दोन-दोन टेक आज उपलब्ध आहेत. ते लागोपाठ ऐकले की गिटारच्या जागा किती विचारपूर्वक बांधल्या होत्या, हे ध्यानात येते. आइक झिमरमन नावाच्या वादकाकडे त्याने मेहनत घेतली होती. ते श्रेय सैतानाच्या खात्यावर टाकणे म्हणजे एका कृष्णवर्णीय तरुणाची बुद्धी आणि रियाज नाकारणे होय.

दुसरी अशीच सोपी समजूत म्हणजे ब्लूज टिकला तो त्यातल्या दुःखामुळे. दुःख त्यात आहेच. कापसाच्या मळ्यांतली वेठ, कर्ज, वर्णभेद या सगळ्यातून ते आले. पण हेच संगीत शनिवारी रात्री नाचण्यासाठीही वाजत असे आणि त्यात थट्टा, प्रणय, फुशारकी भरपूर होती. माझ्या मते ब्लूजची ओढ त्याच्या बांधणीत आहे. रूढ बांधणी बारा बारची, म्हणजे तालाच्या बारा आवर्तनांची: तीन ओळी, त्यांतली दुसरी बहुधा पहिलीचीच पुनरावृत्ती. गायकाची ओळ तिच्या वाट्याचे चार बार भरत नाही. उरलेली जागा वाद्याची. मळ्यातल्या श्रमगीतांत आणि चर्चमध्ये एकाने म्हणायचे व इतरांनी उत्तर द्यायचे, ही रीत होतीच. गिटार घेऊन एकटा बसलेला माणूस तो दुसरा आवाज स्वतःच्या हातांनी निर्माण करतो. थोर ब्लूज गिटारवादक ओळखायचा तो या उत्तरावरून.

बी. बी. किंगचे उदाहरण घ्या. गाणे आणि वाजवणे एकाच वेळी आपल्याला जमत नाही, असे तो उघडपणे सांगे. बुका व्हाइट या नातलगासारखी तारेवर स्लाइड (बोटात घालायची नळी) फिरवणेही त्याला साधले नाही, म्हणून तो डाव्या हाताच्या बोटाने तार थरथरवू लागला. या दोन मर्यादांतून त्याची शैली घडली: गळा थांबला की गिटार बोलते आणि ती बोलत असताना गळा गप्प राहतो. सतारीवर तार खेचून काढलेली मींड ज्यांच्या कानात आहे, त्यांना किंगची खेचलेली तार परकी वाटू नये. मडी वॉटर्सची वाट वेगळी. 1941 मध्ये मिसिसिपीतल्या स्टोव्हॉल मळ्यावर लोकसंगीताचा संग्राहक ॲलन लोमॅक्सने त्याचे गाणे ध्वनिमुद्रित केले. 1943 मध्ये तो शिकागोला गेला. तिथल्या गजबजलेल्या बारमध्ये साधी गिटार ऐकू जाईना, तेव्हा त्याने विजेवरची घेतली. आवाज बदलला, संवाद तोच राहिला.

यावर कुणी म्हणेल, तीनच कॉर्ड आणि बाराच बार. सगळी गाणी सारखीच. चौकट सारखी आहे, हे खरे. पण पुढे काय येणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक असते, म्हणूनच किंचित उशिरा आलेला किंवा अर्ध्यावर सोडलेला स्वर त्याला जाणवतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: ब्लूज जगभर पोचला तो रोलिंग स्टोन्स, एरिक क्लॅप्टन अशा गोऱ्या इंग्रज वादकांमुळे, मग हे आकर्षण बाजाराने घडवलेले नाही का? पैसा आणि कीर्ती यांची वाटणी विषम झाली, हे मान्यच करायला हवे. पण आवडीचा उगम तिथे नाही. कृष्णवर्णीय गायिका मॅमी स्मिथच्या ‘क्रेझी ब्लूज’ची तबकडी 1920 मध्येच धडाक्याने खपली होती. बी. बी. किंगचे ‘थ्री ओ’क्लॉक ब्लूज’ 1952 मध्ये अमेरिकेतल्या रिदम अँड ब्लूज यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले, तेव्हा स्टोन्सचा जन्मही व्हायचा होता. ही गाणी आधी विकत घेतली ती कृष्णवर्णीय कष्टकऱ्यांनी. इंग्रज पोरांना ती नंतर सापडली.

ब्लूज कधी ऐकला नसेल तर किंगच्या ‘लाइव्ह ॲट द रीगल’पासून सुरुवात करावी. 1964 मध्ये शिकागोच्या रीगल थिएटरात ते ध्वनिमुद्रण झाले. ऐकताना गाण्याची ओळ संपल्यावर गिटार काय म्हणते, आणि तिला श्रोते कसे ओरडून दाद देतात, तिकडे कान द्या.