अ. नगर : संक्षेप आणि उत्तरदायित्व

संक्षेप म्हणजे केवळ लेखनातील काटकसर नव्हे. गाळलेली अक्षरे वाचक आपल्या जाणकारीने भरून काढील, हा विश्वास त्यामागे असतो. मराठीतील ‘अ.’ ग्रंथसंदर्भात ‘अध्याय’ होतो, व्याकरणात ‘अव्यय’, तर संस्थेच्या नावात ‘अखिल’. क्षेत्र बदलले की अर्थ बदलतो. परंतु क्षेत्र ठाऊक असल्याने संदिग्धता उरत नाही.

‘जि. अ. नगर’ या पत्त्यातील ‘अ.’ मात्र निराळा प्रश्न उभा करतो. येथे क्षेत्र तेच राहिले, काळ पालटला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे शहर वसविणाऱ्या अहमद निजामशहाचे नाव त्या अक्षरात सामावलेले होते. 2024 मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आणि याच जिल्ह्यातील चोंडी येथे 1725 साली जन्मलेल्या अहिल्याबाई होळकरांचे नावही त्याच अक्षरात सामावले.

जुना पत्रव्यवहार संपादित करणाऱ्यापुढे त्यामुळे पेच पडतो. 1960 सालच्या एखाद्या पत्रातील ‘अ. नगर’चा विस्तार त्याने ‘अहिल्यानगर’ असा केला, तर आजच्या वाचकाची सोय होते. परंतु पत्रलेखकाच्या मनात नसलेला शब्द त्याच्या नावावर जमा होतो. अर्थ संदर्भाधीन असतो, एवढे म्हटल्याने संपादकाची सुटका होत नाही. कोणता संदर्भ ग्राह्य धरावा, हे ठरविणे ही त्याचीच कृती आहे. मूळ अक्षर संहितेत तसेच ठेवावे आणि त्याचा विस्तार पत्राच्या तारखेनुसार टिपेत द्यावा, हेच न्याय्य ठरते. हयात नसलेला लेखक हरकत घेऊ शकत नाही. म्हणूनच संपादकाचे उत्तरदायित्व वाढते.