छपरावरचं दान

छपरावर छोटा अँटेना, खाली रास्पबेरी पाय हा छोटा संगणक. विमानं 1090 मेगाहर्ट्झवर आपला ठावठिकाणा उघडपणे सांगत असतात. हौशी माणूस तो टिपून पुढे देतो. पण कुणाला?

विमानांचा माग दाखवणारं फ्लाइटरडार24 हे संकेतस्थळ या माहितीच्या बदल्यात महागडं सदस्यत्व फुकट देतं. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीच्या अपेक्षेनं दिलेलं दान राजस ठरतं. मग याला सरळ सौदाच म्हणावं. निदान व्यवहार रोखठोक आहे.

खरा पेच एडीएसबी एक्स्चेंजचा. बड्यांची खासगी विमानंही न लपवणारं हे संकेतस्थळ जानेवारी 2023 मध्ये जेटनेट कंपनीनं विकत घेतलं आणि अनेक हौशींनी रागानं आपला पुरवठा तोडला. गीता पात्र पाहून द्यायला सांगते. इथे दान देऊन झाल्यावर पात्राचाच मालक बदलला! आधी दिलेलं मात्र परत मागता येत नाही. संशोधनासाठी चालणारं ना-नफा ओपनस्काय नेटवर्क अशा वेळी अधिक सुपात्र वाटतं, बदल्यात फारसं काही मिळत नसलं तरी.