जीर्णोद्धार कशाचा?

यंत्र बिघडले की आपण ते दुरुस्त करतो; देऊळ ढासळले की त्याचा जीर्णोद्धार करतो. मराठीने या दोन कृतींसाठी दोन वेगळे शब्द राखून ठेवले, त्यामागे भाषेचा काही विवेक असला पाहिजे. दुरुस्तीची कसोटी सोपी असते. विहिरीवरचा पंप सुरू झाला, पाणी केळीच्या बागेत पोचले, की दुरुस्ती झाली. पंपातला कोणता भाग जुना आणि कोणता नवा, याची चौकशी कोणी करीत नाही. जीर्णोद्धारात मात्र नेमकी तीच चौकशी महत्त्वाची ठरते. काय चालू झाले यापेक्षा काय टिकले, हा प्रश्न तिथे अधिक जड असतो. माळ्यावर कित्येक वर्षे पडून राहिलेला कृष्णधवल दूरचित्रवाणी संच खाली उतरवला जातो, तेव्हा पेच पडतो तो यामुळेच. जन्माने तो यंत्र आहे. वयाने तो वारसा झाला आहे. मग त्याची दुरुस्ती करायची की जीर्णोद्धार?

या प्रश्नाचा विचार करताना बऱ्हाणपूरजवळच्या फोपनार या गावाची आठवण ठेवणे उपयोगी पडेल. आज बऱ्हाणपूर जिल्ह्यात असलेले हे गाव १९६४ साली पूर्व निमाड जिल्ह्यात होते. त्या वर्षी तिथे बुद्धाच्या सात धातुमूर्ती सापडल्या. अभ्यासक त्यांचा काळ साधारणपणे इसवी सनाचे पाचवे-सहावे शतक मानतात. म्हणजे अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांशी त्यांचे नाते लागते. काही मूर्तींच्या बैठकीवर दात्यांचे लेखही आहेत. आज या मूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. तिथे त्यांच्यापुढे दिवा लागत नाही, फूल वाहिले जात नाही. ज्या उपासकांनी त्या घडवून घेतल्या, त्यांचा विहार आणि त्यांचा नित्यक्रम, दोन्ही केव्हाच लयाला गेले. म्हणजे मूर्ती वाचल्या, परंतु त्यांचे कार्य वाचले नाही. तरीही त्या मृत झाल्या असे कोणी म्हणणार नाही. त्यांनी पूज्य असण्याऐवजी साक्षी असण्याची भूमिका स्वीकारली, इतकेच.

योगायोग असा की, त्याच १९६४ साली व्हेनिस येथे वास्तुसंवर्धनाचे तज्ज्ञ एकत्र आले आणि त्यांनी जुन्या वास्तूंच्या जतनाची सनद सिद्ध केली. तिचा आशय थोडक्यात सांगायचा तर असा : जिथे तर्काने रिक्त जागा भरण्याची वेळ येते, तिथे हात थांबवावा, आणि जे नवे घालावे लागेल ते एकूण रूपाशी सुसंगत असावे, पण जुन्यापासून ओळखता यावे. धातुमूर्तींच्या जतनातही हाच संयम दिसतो. मूर्तीवर चढलेला हिरवट थर स्थिर असेल, तर संवर्धक तो घासून काढीत नाही. धातू आतून पोखरणारा क्षार असेल, तर मात्र त्यावर उपाय करतो. रोग काढायचा, वय काढायचे नाही, हे त्यामागचे सूत्र.

आता हे सूत्र दूरचित्रवाणी संचाला लावून पाहू. भारतात दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी आले. रंगीत प्रक्षेपणाचे पर्व १९८२ पासूनचे. त्या मधल्या काळातले आणि त्यानंतरच्याही काही वर्षांतले संच म्हणजे लाकडी पेटी, सरकत्या पट्ट्यांचे दार, खटखट फिरणारे बटण आणि फुगीर काच. काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला पंचवीस वेळा ६२५ रेषांचे चित्र आखतो, आणि त्यासाठी दहा हजार व्होल्टहून अधिक दाब लागतो. बंद केलेल्या संचाच्या नळीतही हा भार बराच वेळ टिकून राहू शकतो. म्हणूनच जाणता कारागीर मागचे झाकण उघडल्यावर आधी तो भार उतरवतो आणि मगच आत हात घालतो. अशा संचात प्रथम मरतात ते कपॅसिटर. त्यांच्या आतला द्राव सुकतो, कागद ओल धरतो. ते बदलल्यावाचून संच चालू करणे धोक्याचे असते. हा रोग आहे. तो काढलाच पाहिजे.

परंतु तो कसा काढावा, यावर जगभरच्या हौशी कारागिरांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष नवा कपॅसिटर सरळ जुन्याच्या जागी जोडतो. तो आकाराने लहान, रंगाने झगमगीत असतो आणि उघड दिसतो. दुसरा पक्ष जुन्या कपॅसिटरचे कवच अलगद उघडतो, त्याचे पोट रिकामे करतो, आत नवा घालतो आणि मेणाने पुन्हा मिटवतो. बाहेरून पाहणाऱ्याला काही बदलले आहे, याचा पत्ता लागत नाही. कौशल्य अर्थातच दुसऱ्याचे अधिक. त्याच्या बाजूनेही बोलता येते : संचाच्या पोटाचे मूळ रूप डोळ्यांना दिसावे, हीसुद्धा एक निष्ठाच आहे. पण ही निष्ठा दिसण्यापुरती आहे. पुढे तो संच ज्याच्या हाती जाईल, त्याला हे कवच खोटे सांगते. कवचाच्या आत बदलाची तारीख लिहून ठेवली, तर हा दोष बराचसा दूर होतो. म्हणजे प्रश्न लपवण्याचा नसून न सांगण्याचा आहे. नव्याला जुन्याचे वस्त्र घालण्यास हरकत नाही. त्याने जुन्याच्या नावाने सही करू नये.

याहून सोपा मार्गही हल्ली दिसतो. पेटी ठेवायची, आतले सारे काढून टाकायचे आणि काचेच्या जागी सपाट पडदा बसवायचा. यात पाप काही नाही. जुन्या पैठणीच्या पदराची उशी शिवावी, तसे ते आहे. फक्त त्याला जीर्णोद्धार म्हणू नये. तिथे वस्तू वाचलेली नसते, तिचा मुखवटा वाचलेला असतो.

समजा, सर्व काही प्रामाणिकपणे केले. नळी उजळली, आवाज आला. मग दिसते काय? मुंग्या. एकेकाळी या संचांसाठी आकाशातून येणारे प्रक्षेपण आता उरलेले नाही. दूरदर्शनने आपली जुन्या पद्धतीची भूस्थित प्रक्षेपण केंद्रे, सामरिक महत्त्वाची थोडी ठिकाणे वगळता, २०२२ पर्यंत बंद केली. मध्ये एखादे उपकरण जोडून आजच्या वाहिन्या त्या काचेवर आणता येतात, हे खरे. पण मूळ प्रश्नाला ते उत्तर नव्हे. संचात दोष नाही, तरीही तो आपले काम करू शकत नाही. कारण त्याचे काम केवळ त्याच्यात नव्हतेच. ते प्रक्षेपकात होते, अँटेना फिरवणाऱ्या हातात होते, समोर सतरंजीवर बसलेल्या माणसांत होते. संग्रहालयातल्या मूर्तीची आणि या संचाची स्थिती इथे सारखी होते. दोघांचेही अर्धे अंग बाहेर होते, आणि ते बाहेरचे अंग कोणत्याही कारागिराला जोडता येत नाही.

आणि इथेच जीर्णोद्धाराचा खरा मोह उभा राहतो. जे जोडता येत नाही, ते आपण स्मृतीने जोडू पाहतो. जुना संच दिसला की म्हटले जाते : तेव्हा सारे गाव एकत्र बसून पाहत असे, १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी रामायण लागले की रस्ते ओस पडत, काय ती माणसे, काय तो जिव्हाळा! यात खोटे काही नाही. परंतु ही स्मृती बहुधा सतरंजीवर बसलेल्यांची असते. खिडकीच्या गजांना धरून उभे राहिलेल्यांची, उंबऱ्याबाहेरून मान उंच करून पाहणाऱ्यांची, हाकलले जाण्याच्या भीतीने चित्रापेक्षा घरधन्याच्या चेहऱ्याकडे अधिक लक्ष देणाऱ्या मुलांची स्मृती वेगळी आहे. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे शिक्षणाचा जो प्रयोग झाला, त्यात मध्य प्रदेशासह सहा राज्यांतील सुमारे २४०० गावांत संच ठेवले गेले, ते सामूहिक पाहण्यासाठी. पुढे संच घराघरांत शिरला, तेव्हा त्याच्यासोबत त्या घराचा उंबरा आला, आणि उंबऱ्यासोबत कोण आत आणि कोण बाहेर, याचे जुने नियमही आले. ‘सारे गाव’ म्हणताना या रिक्त जागा आपण गोड तर्काने भरून काढतो. व्हेनिसची सनद दगडांच्या बाबतीत जे करू नका म्हणते, ते आपण माणसांच्या बाबतीत बिनदिक्कत करतो.

यावर कोणी म्हणेल, एखाद्या वृद्धाला आपल्या तरुणपणातला संच पुन्हा उजळलेला पाहून आनंद होत असेल, तर त्याच्यापुढे हा हिशेब कशाला मांडायचा? आक्षेप मानवी आहे आणि त्याचा मान राखला पाहिजे. आनंदाला हिशेबाची अट घालू नये. पण वारसा एका पिढीच्या आनंदापुरता नसतो. नातू उद्या विचारील, की हा कोणी आणला, कोण पाहत असे, आणि तो बाहेर का उभा राहत असे? तेव्हा संचाबरोबर उत्तरही त्याच्या हाती द्यावे लागेल. गुळगुळीत केलेली स्मृती असा प्रश्न उद्भवूच देत नाही. तिचा खरा अन्याय हाच की, बाहेर उभ्या असलेल्याला ती दुसऱ्यांदा बाहेर ठेवते.

म्हणून जीर्णोद्धाराची कसोटी अशी मानावी : उभी केलेली वस्तू साक्ष देऊ शकते का? पेटीच्या लाकडावरचा ओरखडा राहू द्यावा. बदललेल्या भागांची यादी तारखेसह मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावी. आणि घरात त्या संचाची गोष्ट सांगताना खिडकीतल्या मुलांनाही तीत जागा द्यावी. एवढे केल्यावर पडद्यावर केवळ मुंग्या दिसल्या, तरी त्याला अपयश म्हणण्याचे कारण नाही. फोपनारच्या मूर्तींवर आज कोणी फूल वाहत नाही. पण बैठकीवर कोरलेले दात्यांचे शब्द अजून वाचता येतात.